रोज दिसतो म्हणून आवडतो का?

गणपती झाले की माझ्याकडे एका ठरावीक प्रकारची पत्रं आणि मेल यायला लागतात, दरवर्षीचंच आहे हे, मी आता वाटच बघत असते. यंदाही आली. गंमत अशी की वेगवेगळ्या वयाच्या पाच जणांनी पाच वेगळे प्रश्न विचारलेत आणि नीट बघितलं तर पाचही जण सवयीबद्दलच विचारतायत, कुणाला ती नको झालीये, कुणाला तिच्यावर भरवसा नाहीये. म्हणून सगळी एकत्रच घेतेय. जागा कमी म्हणून पत्रं थोडी कापलीयेत, राग मानू नका.

ताई, मी 26 वर्षांची, कोथरूडला राहते. यंदा पहिल्यांदाच ढोल-ताशा पथकात गेले. जूनच्या शेवटापासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव. माझ्या शेजारच्या रांगेत एक मुलगा होता, पहिल्या दिवशी मला तो चक्क आगाऊ वाटला, दिसायलाही काही खास नाही. ऑगस्ट येईपर्यंत असं झालं की तो आला नाही तर माझा ठेका चुकायचा. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर वाजवताना तर खात्रीच पटली की हाच तो. आता सराव बंद आहे, आणि इकडे घरच्यांनी एक स्थळ आणलंय. मुलगा खरंच चांगला आहे, दोनदा कॅफेत भेटलो, पण आत काही हललं नाही. मैत्रीण म्हणते तो पथकातला तुला रोज दिसायचा म्हणून आवडला, बाकी काही नाही. असं असतं का? आणि असलं तर मग ते खोटं का?
— ढोलवाली

असतं. मैत्रीण हुशार आहे तुझी, पण तिचं निम्मंच बरोबर आहे.

रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली अमेरिकेत काही प्रयोग छापले. लोकांना त्याने काही निरर्थक शब्द दाखवले, चिनी लिपीसारखी दिसणारी चिन्हं दाखवली, अनोळखी माणसांचे फोटो दाखवले, काही एकदाच तर काही 25 वेळा. मग विचारलं, यातलं काय बरं वाटतं? जे जास्त वेळा दिसलं ते जास्त बरं वाटलं. बस, एवढंच. कुणी काही बोललं नव्हतं, कुणी कुणावर उपकार केले नव्हते, फक्त नजरेसमोरून जास्त वेळा गेलं होतं. पुढे 1980 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने आकृत्या इतक्या झटक्यात दाखवल्या, सेकंदाचा हजारावा भाग, की लोकांना आपण त्या पाहिल्यात हेही ओळखता आलं नाही, तरी आवडेल ती निवडायला सांगितल्यावर बोट जास्त करून त्याच आकृत्यांवर गेलं. म्हणजे ओळखीचं आहे हे डोक्याला कळायच्या आधीच मनाने मत देऊन टाकलेलं असतं.

का होतं असं? एक म्हणजे ओळखीची गोष्ट बघायला मेंदूला कष्ट कमी पडतात आणि तो हलकेपणा आपण त्या माणसाच्या खात्यावर जमा करतो. दुसरं, झायन्सचं स्वतःचं म्हणणं असं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आणि आपलं काही वाईट झालं नाही तर मन म्हणतं, चला, हे धोक्याचं नाही.

तुझ्या पथकाच्या सगळ्यात जवळचा प्रयोग 1992 चा आहे. मोरलँड आणि बीच या दोघांनी चार मुली निवडल्या, दिसायला साधारण सारख्या, आणि कॉलेजच्या एका मोठ्या वर्गात नुसत्या बसवल्या. एक कधीच गेली नाही, एक 5 वेळा, एक 10, एक 15. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही अशी सक्त ताकीद. टर्मच्या शेवटी वर्गाला फोटो दाखवले तर कुणालाच या मुली धड ओळखीच्या वाटल्या नाहीत, पण 15 वेळा आलेली सगळ्यात जास्त आवडली होती! आणि तू तर त्याला दोन-अडीच महिने रोज बघितलंयस, तेही कमरेला ढोल बांधून, छाती धडधडत असताना. त्या धडधडीचं पण एक आहे हं. 1974 मध्ये डटन आणि ॲरन यांनी कॅनडात एका खोल दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर पुरुषांना एका तरुणीशी बोलायला लावलं आणि तिने आपला फोन नंबर दिला. हलत्या पुलावरच्या 18 पैकी 9 जणांनी नंतर फोन केला, साध्या भक्कम पुलावरच्या 16 पैकी फक्त दोघांनी. भीतीची धडधड त्यांनी तिच्या नावावर टाकली. लक्ष्मी रोडवर, गुलालात, शंभर ढोलांच्या मध्ये जी खात्री पटते तिच्यातून थोडा भाग ढोलाचा म्हणून वजा कर, एवढंच सांगेन.

पण खोटं का, हा तुझा प्रश्न जास्त चांगला आहे. खोटं नाहीच ते. आपली बहुतेक सगळी माणसं आपल्याला अशीच मिळालेली असतात, बाकावर शेजारी बसली म्हणून, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली म्हणून. मैत्रिणीचं चुकतंय ते इथे. ओळख दार उघडून देते, पण आत कोण राहतंय ते ती सांगत नाही, ते आत जाऊनच बघायला लागतं आणि तू अजून गेलेली नाहीयेस. ढोल नसताना, कुर्ता आणि फेटा नसताना, एखाद्या मंगळवारी दुपारी ट्रॅफिकमध्ये अडकलेला तो मुलगा कसा वागतो हे तुला माहितीये का? नसेल तर आधी ते बघ.

आणि त्या स्थळावर मात्र तू अन्याय करतेयस असं मला वाटतं. एकाला साठ-सत्तर संध्याकाळी, दुसऱ्याला दोन कॉफ्या, आणि त्या पण इंटरव्ह्यू दिल्यासारख्या. दोन भेटींत काही हललं नाही यावरून काहीच कळत नाही गं. 2007 मध्ये एका अभ्यासात दिसलं होतं की अनोळखी माणसाच्या गुणांची यादी जितकी लांब तितका तो कमी आवडतो, म्हणजे आपल्या बायोडेटासारखंच झालं ते. पण 2011 मध्ये राइस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना खरोखर एकमेकांशी गप्पा मारायला लावल्या तेव्हा उलटं निघालं, जितक्या जास्त गप्पा तितकी जास्त आवड. तेव्हा पाच-सहा वेळा तरी भेट, आणि कॅफे सोड. तळजाईला चाला, मंडईत भाजी घ्या, कुणाची तरी वाट बघत अर्धा तास उभे राहा. एक मात्र लक्षात ठेव, पहिल्या भेटीतच जो माणूस खरोखर खटकला असेल तो पुन्हा पुन्हा भेटून गोड होत नाही, बऱ्याचदा जास्तच खटकतो. इथे तसं दिसत नाहीये, तू स्वतःच चांगला आहे असं लिहिलंयस.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलासोबत मी लहानाची मोठी झाले, एका ताटात जेवलोय. आता दोघांच्या आयांना वाटतंय की आमचं जमवावं. आम्हाला दोघांनाही हसू येतं. सहवासाने प्रेम वाढतं ना, मग आमचं का नाही वाढलं?
— वाड्यातली

वाढलंय की, भावाबहिणीचं. वेस्टरमार्क नावाच्या फिनलंडच्या अभ्यासकाने 1891 मध्येच लिहून ठेवलंय की अगदी लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना एकमेकांबद्दल तसलं आकर्षण सहसा वाटत नाही. पुढे इस्रायलमधल्या किबुट्झ वस्त्यांमध्ये, जिथे मुलं पाळणाघरापासून एकत्र वाढायची, जोसेफ शेफरने 2,769 लग्नं तपासली, तर बाळपणापासून सलग एका गटात वाढलेल्यांनी एकमेकांशी लग्न केल्याचं जवळजवळ एकही उदाहरण मिळेना. कुणी बंदी घातली नव्हती हं, उलट घरच्यांना आवडलंच असतं. तैवानमध्ये तर तान्ह्या मुलीला भावी सासरीच वाढवायची पद्धत होती, आर्थर वुल्फने त्या लग्नांचा हिशोब काढला तर घटस्फोट जास्त आणि मुलं कमी. आयांना हे सगळं वाचून दाखवू नकोस, तैवानपर्यंत त्या ऐकणार नाहीत. तुम्ही दोघं एकदम त्यांच्यासमोर बसून हसा, पुरे.

ताई, वय 33, हिंजवडीला नोकरी. आमच्या घरी मारहाण वगैरे काही नव्हतं. बाबा अबोला धरायचे. कधी दोन दिवस, कधी तीन आठवडे, कारण कळायचं नाही. दारात चप्पल कशी काढून ठेवलीये यावरून मला समजायचं आज घरात बोलायचं की नाही. मग एखाद्या रविवारी अचानक गरम जिलब्या घेऊन यायचे आणि सगळं छान. माझी आतापर्यंत तीन नाती झाली, तिन्ही माणसं अशीच, आठवडाभर गायब आणि मग एकदम प्रेमाचा पूर. मध्ये एक चांगला मुलगा होता, पोचलो की मेसेज करायचा, म्हणाला ते करायचा. त्याच्यासोबत मला काही वाटायचंच नाही, कंटाळा यायचा. मीच मोडलं. माझ्यातच काहीतरी बिघडलंय का?
— चपलांवरून ओळखणारी

तू म्हणते, चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. पत्र तीनदा वाचलं मी. त्या चपलांच्या वाक्यापाशी दरवेळी थांबले.

बिघडलेलं काही नाही. उलट तू एक अवघड विद्या शिकलीयेस, गप्प माणूस वाचायची. पाच-सहा वर्षांची असल्यापासून रोजचा रियाझ आहे तुझा. आता असा एखादा माणूस समोर आला, जो आज असतो, उद्या नसतो, ज्याच्या भुवईवरून अंदाज बांधायचा असतो, की तुझी ती विद्या खडबडून जागी होते, सगळं अंग कामाला लागतं, आणि त्या जागं होण्यालाच तू ओढ म्हणतेयस. तो मेसेज करणारा मुलगा बिचारा, त्याच्यात वाचण्यासारखं काही झाकलेलंच नव्हतं. तुझ्या सगळ्यात तयार झालेल्या कौशल्याला त्याच्याकडे कामच नव्हतं, त्या रिकामपणाला तू कंटाळा म्हणालीस.

यात दोन-तीन गोष्टी एकत्र गुंतल्यात. एक म्हणजे बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने मांडलेली गोष्ट, की लहानपणी ज्यांनी सांभाळलं त्यांच्याशी आलेल्या अनुभवावरून मूल मनात एक नकाशा काढून ठेवतं, जवळची माणसं कशी असतात, हाक मारली तर येतात का. मेरी एन्सवर्थने तो नकाशा बघायची युक्ती काढली. वर्षभराच्या मुलाला आईसोबत खेळण्यांच्या खोलीत बसवायचं, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते, आणि परत आल्यावर मूल काय करतं ते बघायचं. काही मुलं रडतात, आई आली की तिला बिलगून दोन मिनिटांत पुन्हा खेळायला लागतात. काही बिलगतात पण शांतच होत नाहीत, चिडून लाथाही मारतात. आणि काही आईकडे बघतही नाहीत, खेळत राहतात, आपल्याला वाटतं काय समजूतदार बाळ आहे, पण नंतर कुणीतरी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते भरपूर वाढलेले होते. आतून घाबरलेलंच होतं ते. तुझे ते तीन गायब होणारे पण कदाचित अशाच एखाद्या खोलीतून आलेले असतील, म्हणून त्यांना सूट द्यायची असं मात्र नाही.

मोठ्यांच्या प्रेमातही असेच नमुने दिसतात का हे बघायला हेझन आणि शेव्हर यांनी चक्क एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापली होती, वाचकांनी भरून पाठवायची. 1987 मध्ये ते निष्कर्ष आले, निम्म्याहून थोडे जास्त लोक निर्धास्त निघाले, बाकीचे एकतर सतत धास्तावलेले नाहीतर अंतर राखून राहणारे. (वाचकांच्या सदरांना हसणाऱ्या माझ्या प्राध्यापक मित्रांसाठी ही माहिती मुद्दाम देतेय.)

दुसरी गोष्ट त्या जिलब्यांची. स्किनरने कबुतरांवर केलेलं काम तुला कॉलेजात शिकवलं नसेल, आयटीवाली तू. दाणा दरवेळी मिळत असेल आणि मग बंद झाला तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर ते चोच मारत बसतं, मारतच बसतं. तीन आठवड्यांच्या अबोल्यानंतर आलेली जिलबी जितकी गोड लागते तितकी रोजची लागत नाही. यात तुझी हाव नव्हती, हिशोबच तसा मांडलेला होता.

तिसरी जरा कडू आहे. स्वॉन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये लग्न झालेल्या लोकांना विचारलं होतं, त्यात ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट होतं ते, जोडीदाराचंही त्यांच्याबद्दल वाईटच मत असेल, तर त्या नात्याला जास्त बांधलेले निघाले. आपण जसे आहोत असं आपल्याला वाटतं तसंच समोरच्याने मानलं की जग ओळखीचं राहतं ना. आपल्यासाठी कुणी थांबत नाही असं मनात पक्कं बसलेल्या मुलीला थांबणारा माणूस जरा संशयास्पदच वाटणार.

आता लगेच हे सगळं बाबांवर ढकलू नकोस. हल्ली रील्समध्ये दोन मिनिटांत सांगतात, वडील असे म्हणून नवरा तसाच, जसं काही कुंडलीच. इतकं सरळ नसतं. लहानपणचा नकाशा आयुष्यभर जसाच्या तसा राहत नाही, माणसं बदलतात, चांगल्या नात्यात वर्षानुवर्षं राहून धास्तावलेले लोक निर्धास्त झालेले मी स्वतः बघितलेत. आणि बदलतात ते त्याच वाटेने, सवयीने. झायन्सचं ते वरचं, ढोलवालीला सांगितलेलं, ते फक्त वाईट गोष्टींना लागू नाहीये. वेळेवर येणारा फोन पण पंधरा-वीस वेळा वेळेवर आला की ओळखीचा वाटायला लागतो, फक्त तेवढ्या वेळा तो येऊ द्यायला लागतो आणि तू चौथ्यालाच उठून जातेस.

मग करायचं काय. पुढच्या वेळी कुणाबद्दल पहिल्याच भेटीत "याला मी किती वर्षं ओळखते असं वाटतंय" असं झालं, तर खूश होण्याआधी घरी येऊन एका कागदावर लिही की अंगात नेमकं काय झालं. हलकं वाटलं, झोप नीट लागली, भूक लागली? की पोटात गोळा आला, फोन उलटा ठेवून पुन्हा पुन्हा सरळ केला, निळ्या टिका मोजल्या? दोन्हीला आपण धडधडच म्हणतो, पण दुसरी चपला बघतानाची आहे, ती तुला चांगली माहितीये. आणि कंटाळवाणा वाटणारा कुणी भेटला तर दहा भेटी होईपर्यंत निकाल द्यायचा नाही असं स्वतःलाच सांगून ठेव. दहानंतरही कंटाळाच आला तर तो खरंच कंटाळवाणा असेल, असतात तसे पण. एकटीने हे जमत नसेल तर समुपदेशकाकडे जा, हे चार-सहा महिन्यांचं काम असतं, एका सदरात होणारं नाही.

नमस्कार. वय 64, निवृत्त, कर्वेनगर. लग्नाला 36 वर्षं झाली. मी तोंड उघडायच्या आत सौ.ला मी काय बोलणार ते कळतं आणि मला तिचं. भांडण नाही, पण बोलणंही नाही. अतिपरिचयादवज्ञा म्हणतात ते हेच का? विशेष म्हणजे ती पंधरा दिवस मुलीकडे बंगळूरला गेली तेव्हा मला रात्री झोप लागेना. आता परत आलीये तर पुन्हा मी पेपर वाचतोय.
— एक वाचक

काका, त्या सुभाषिताची दुसरी ओळ आठवते का? मलय पर्वतावरची भिल्लीण चंदनाची लाकडं चुलीत जळण म्हणून घालते. सगळे ही ओळ तिला हसायला वापरतात, पण लाकूड काही चंदन असायचं थांबलेलं नसतं, तुमच्या घरात बंगळूरच्या पंधरा दिवसांत तेच कळलं तुम्हाला. एलन बर्शाइड नावाच्या बाईंनी 1983 मध्ये हेच मांडलंय, की दोन माणसांचं रोजचं आयुष्य एकमेकांत जितकं गुंतलेलं तितकं ते वरून थंड दिसतं, सगळं सुरळीत चाललंय ना म्हणून. गुंता किती आहे ते त्यात खंड पडला की समजतं. तुमची उडालेली झोप म्हणजे 36 वर्षांच्या गुंत्याची पावती आहे. तेव्हा ती सौ.ना सांगितलीत का? नसेल तर आजच सांगा, मी पैजेवर सांगते की तुम्ही हे बोलणार आहात याचा त्यांना अंदाज नसेल.

बाकी उपाय ॲरन यांनी 2000 मध्ये करून बघितलाय. जोडप्यांचा एकेक हात आणि एकेक पाय एकमेकांना बांधला आणि मध्ये एक उशी धरून, हात न लावता, गाद्यांवरून रांगत जायला सांगितलं, सात मिनिटं. नंतर विचारलं तर साधं कंटाळवाणं काम केलेल्या जोडप्यांपेक्षा ही एकमेकांवर जास्त खूश होती. तुम्ही दोघांनी गुडघे बघता हे करू नये. पण वनाझला मेट्रोत बसून जिथे आयुष्यात कधी उतरला नाहीत अशा स्टेशनवर उतरा, तिथे मिळेल ते खा, परतीची वाट तुम्हाला दोघांनाही माहीत नसावी ही एकच अट. फिरायला रोजच्याच बागेत गेलात तर मोजणार नाही.

स्थळांसाठी स्टुडिओत फोटो काढले. आई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्यांना आवडले. मला एकही आवडला नाही, नाक वाकडं दिसतंय, भांग चुकलाय असं वाटतं. आरशात मी बरी दिसते. फोटोग्राफर वाईट आहे का?
— सिंहगड रोड

फोटोग्राफरला बोलू नकोस. तू स्वतःला जन्मभर आरशात बघितलंयस, म्हणजे उलटं, डावं ते उजवं. आईने तुला सरळ बघितलंय. 1977 मध्ये अमेरिकेत मिटा आणि दोन सहकाऱ्यांनी मुलींचे सरळ आणि उलटवलेले असे दोन्ही फोटो काढले, तर स्वतः मुलींना बहुतेक करून आरशासारखा उलटा फोटो आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. जी बाजू रोज दिसते ती बरी वाटते, दुसरं कारण नाही. नाक सगळ्यांचंच थोडं वाकडं असतं, तुझं तुला पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूला वाकलेलं दिसलं. हवं तर मोबाईलवर तो फोटो उलटवून बघ, लगेच बरा वाटेल. पण पाठवताना आईने निवडलेलाच पाठव, भेटायला येणारा मुलगा तुला आरशात बघणार नाहीये.